वार लावून जेवणारा संघ

ईशान, गेल्या रविवारी फोनवर तू इतका चिडलेला होतास की मला आधी वाटलं, परीक्षेत काहीतरी बिनसलं. मग कळलं की तुझ्या लाडक्या फुटबॉल क्लबवर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त खर्च केल्याचा आरोप आहे आणि आता त्यांचे गुण कापणार आहेत. "तुला नाही कळायचं ते, आजी," असं तू म्हणालास. मागून रेवाचा आवाज आला, "आजीला क्रिकेटसुद्धा कळत नाही."

क्रिकेट मला खरंच कळत नाही. पण खर्चाचे नियम मोडल्याचा आरोप असलेल्या फुटबॉल क्लबची सुनावणी मी पहिल्या रांगेत बसून पाहिलेली आहे. नुसती पाहिली नाही, मला तिथे प्रश्नही विचारला गेला. ती गोष्ट फोनवर सांगून संपणारी नाही, म्हणून नीट बसून लिहिते आहे. आणि ती क्लबची गोष्ट कमी, आमच्या देवरे आप्पांची जास्त आहे.

वसंत देवरे आमच्या कॉलनीत शेवटच्या घरात राहायचे. आमची कॉलनी नाशकातल्या द्वारका चौकाच्या मागे. त्या काळी तिथे मोकळं मैदान होतं, आता तुम्ही येता तेव्हा जिथे गाड्या विकायचं मोठं दुकान दिसतं ते. आप्पा मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण राग आला किंवा गळा दाटून आला की वाक्याच्या शेवटी 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'आहेत'च्या जागी 'शेत' यायचं. त्यावरून यमुनाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पाठमोऱ्या नवऱ्याचाही मूड कळायचा.

सातपूरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. कारखान्यात लागणारी प्रत्येक वस्तू, खिळ्यापासून मोटरपर्यंत, ज्याच्या ताब्यात असते आणि ज्याच्या सहीशिवाय जागची हलत नाही, तो स्टोअरकीपर. आप्पा निवृत्त झाले तरी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा गेला नाही. त्यातली एकच किल्ली कामाची होती, क्लबच्या लोखंडी कपाटाची. त्या कपाटात चेंडू, बूट, पंप, पंक्चर काढायचं सोल्युशन आणि कापूर असायचा. कापूर कशाला, असं मी एकदा विचारलं. "बुटांच्या वासाला," म्हणाले.

फुकट मिळालेल्या वस्तूचीही किंमत लिहायची, ही त्यांची कारखान्यातली सवय. एखाद्या कंपनीने नमुना म्हणून पाठवलेला बोल्टसुद्धा किंमत लिहिल्याशिवाय फळीवर जायचा नाही. लोक हसायचे. आप्पा म्हणायचे, "फुकट असं काही नसतं. कुणीतरी दिलेलं असतं."

क्लबचं नाव होतं सवंगडी. आप्पा त्याचे सेक्रेटरी, प्रशिक्षक आणि शिपाई. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. आपल्या संघाला किंवा समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली की ते मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे आणि बघायला आलेल्या लोकांच्या तोंडाकडे बघायचे. "गोल झाला की नाही ते तोंडावर कळतं," म्हणायचे. खरी गोष्ट अशी, की त्यांना ते बघवायचं नाही.

एका वर्षी आप्पा दिंडोरीला साडूच्या द्राक्षबागेत गेले होते. छाटणीचे दिवस होते. छाटणीला सुरगाण्याकडची माणसं येतात. भात निघाला की डोंगरातून जीपा भरभरून खाली उतरतात. दुपारच्या जेवणानंतर चार तरुण मजूर दोन ओळींमधल्या अरुंद पट्ट्यात अनवाणी खेळत होते. चेंडू चिंध्यांचा होता, वर बागेतली सुतळी गुंडाळलेली. चेंडू वेलीला लागला तर मुकादम ओरडणार, म्हणून तो कुठेही न लागता खेळवायचा, असा त्यांचा खेळ. त्यातल्या एकाबद्दल आप्पांनी परत आल्यावर मला सांगितलं, "बाई, तो चेंडूला लाथ मारत नाही. त्याला वाट दाखवतो."

तो हिरामण भोये. हंगाम संपल्यावर आप्पांनी त्या चौघांना नाशकात आणलं, द्वारकेच्या गॅरेजांमध्ये कामाला लावलं, एका गॅरेजमालकाच्या पत्र्याच्या खोलीत राहायला जागा मिळवली. राहिला प्रश्न जेवणाचा. दिवसभर गाड्यांखाली झोपून काम करायचं, संध्याकाळी धावायचं, आणि रात्री वडापाव खाऊन झोपायचं, हे आप्पांना पटेना. तेव्हा ते यमुनाताईंना बरोबर घेऊन आमच्या दारात आले.

"बाई, तुमचा गुरुवार मोकळा आहे का?"

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे कॉलनीची मी 'बाई'. मला वाटलं, एखादी सभा असेल. मी म्हटलं, "किती वाजता?"

"जेवायच्या वेळी. दर गुरुवारी. चार माणसं."

आतून तुमचे आजोबा म्हणाले, "देवरे, त्यापेक्षा एखादी खानावळ लावून द्या ना पोरांना."

"खानावळीत माणूस पैसे देतो आणि उठतो, साहेब," आप्पा म्हणाले. "घरात जेवलेला हरायला लाजतो."

पूर्वी गरीब घरची मुलं शिकायला शहरात आली की सात घरी सात वार जेवायची. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. त्याला वार लावून जेवणं म्हणायचे. कॉलनीतल्या जोशी काकूंचे सासरे पंचवटीत पौरोहित्य करायचे, ते असेच वार लावून शिकले होते, आणि ती गोष्ट काकू गणपतीत सगळ्यांना सांगायच्या. आप्पांनी ती नीट लक्षात ठेवली होती. ते आधी काकूंकडेच गेले. काकू नाही कशा म्हणतील? त्यांनी मंगळवार घेतला. पठाण भाभींनी शुक्रवार घेतला. रविवार यमुनाताईंचा. असे सगळे वार भरले, आणि फुटबॉल म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या आम्ही बायका एका संघाच्या अन्नदात्री झालो.

आप्पांनी चौघांना स्टीलची ताटं आणून दिली. ताटाच्या काठावर जर्सीचा नंबर कोरलेला. ज्याचं ताट त्याने न्यायचं, त्यानेच घासायचं. त्यामुळे कुणाच्या घरी कुणाचं भांडं, हा प्रश्नच उद्भवणार नाही, असा त्यांचा हिशोब. थोड्याच दिवसांत जोशी काकूंनी हिरामणच्या हातातून त्याचं आठ नंबरचं ताट ओढून घेतलं आणि आपल्या भांड्यांत टाकलं. हिरामण अवघडून उभा. काकू म्हणाल्या, "उभा काय राहतोस, नळ सोड, मी घासते तू विसळ." आप्पांच्या कानावर ते गेलं. नियम त्यांनी बदलला नाही, पण दारात येऊन "ताट आणलंस का?" असं प्रत्येकाला विचारायची सवय मात्र त्यांना लागली ती कायमची.

माझ्या गुरुवारी पहिल्यांदा मी पोळ्या केल्या. मऊसूत, घडीच्या. हिरामणने खाल्ल्या, खाली बघत. तुमच्या आजोबांनी विचारलं, "पोट भरलं का रे?"

"भरलं, साहेब."

"खरं सांग."

"हे कागदावानी हाय," तो म्हणाला. "लय खाल्लं तरी पोटात काय गेलं, कळत नाय."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढच्या खेपेला हिरामणने गावाहून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणलं आणि मी जन्मात पहिल्यांदा नागलीच्या भाकरी थापल्या. पहिल्या दोन तव्यावर फुटल्या. ईशान, तुला लहानपणी आवडायची ती काळी भाकरी माझ्या माहेरची नव्हे. ती हिरामणची.

आता आप्पांच्या खरेपणाची एक गोष्ट, कारण पुढचं तिच्यावाचून कळणार नाही. गोलाला लावायला नवी जाळी परवडत नव्हती, म्हणून आप्पांनी दिंडोरीहून द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकतात ती जुनी जाळी आणून दुहेरी शिवली होती. एका सामन्यात हिरामणचा चेंडू जाळीत गेला, पंचांनी गोल दिला, सामना संपला, आम्ही जिंकलो. आप्पा चालत पंचांकडे गेले. "बाजूने गेला," म्हणाले. "जाळी फाटकी आहे. मीच शिवली, मला भोक कुठे आहे ते माहीत आहे." गोल रद्द झाला. त्या रविवारी यमुनाताईंकडे चौघे जेवले तेव्हा कुणी आप्पांशी बोललं नाही. आप्पा सुई-दोरा घेऊन कोपऱ्यात जाळी शिवत बसले आणि मधूनमधून म्हणत राहिले, "मटण वाढ त्यांना. रागावलेल्या माणसाला भूक जास्त लागते."

सवंगडी वर आला. खालच्या गटातून वरच्या गटात गेला. तोपर्यंत एका बिल्डरनेही संघ काढला होता. त्याचे खेळाडू पुण्या-मुंबईहून यायचे, हॉटेलात उतरायचे, सामना जिंकायचे आणि जायचे. छोटे क्लब एकेक करून बंद पडू लागले. तेव्हा आप्पांनी शहराच्या लीगच्या सभेत नियम मांडला: हंगामात एका क्लबने एका ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च करायचा नाही, आणि वस्तुरूपाने मिळालेली मदतसुद्धा बाजारभावाने त्या खर्चात धरायची. या दुसऱ्या भागासाठी ते हट्ट धरून बसले. नाहीतर बिल्डर म्हणेल, बूट मामाने दिले आणि गाडी काकाची आहे. नियम मंजूर झाला. त्याची इंग्रजी प्रत मी तयार केली, म्हणून मला तो अजून जवळपास तोंडपाठ आहे.

दोन हंगाम हा नियम सगळ्यांनी पाळला. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आमचा संघ बिल्डरच्या संघाच्या वर होता. आणि मग त्यांची लेखी तक्रार आली. सवंगडी क्लब चार खेळाडूंना वर्षभर फुकट जेवू घालतो, ही वस्तुरूप मदत आहे, तिची किंमत धरली तर मर्यादा ओलांडली जाते.

खिळ्याची किंमत लिहिणाऱ्या आप्पांच्या डोक्यात ही गोष्ट कधी आलीच नव्हती. भाकरी त्यांच्या कपाटातून गेली नव्हती. ती आमच्या चुलीवरून थेट ताटात गेली होती. तक्रारीचा कागद घेऊन ते सकाळी आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले, चहा निवू दिला.

मी म्हटलं, "काहीतरीच. घरचं जेवण हा काय खर्च झाला?"

"बाई," ते म्हणाले, "ते म्हणतात ते बरोबर शे."

'शे' ऐकलं आणि मी त्यांचा चहा पुन्हा गरम करायला उचलला.

आरोप सिद्ध झाला तर गुण कापले जाणार आणि संघ पुन्हा खालच्या गटात जाणार. बिल्डरची माणसं हिरामणच्या गॅरेजवर आधीच दोनदा येऊन गेली होती. खाली गेलेल्या संघात असे खेळाडू कशाला थांबतील? आणि ते चौघे गेले तर सवंगडी म्हणजे नुसतं लोखंडी कपाट आणि कापूर. हे कॉलनीत सगळ्यांना कळत होतं. आप्पांनाही.

दुसऱ्या दिवशी ते द्वारकेच्या खानावळींमध्ये थाळीचा भाव विचारत फिरले. सर्वांत महागड्या खानावळीचा भाव घेऊन आले. यमुनाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, स्टँडवरच्या खानावळीचा तरी लावा."

"भाभींच्या पुलावाला स्टँडचा भाव लावू? तोंड कसं दाखवू त्यांना?"

सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये होती, रविवारी सकाळी. आम्हा बायकांना कुणी बोलावलं नव्हतं. पण पठाण भाभी सकाळीच दारोदार फिरल्या. "चलो, चलो. आपल्या जेवणाचा खटला आहे आणि आपणच घरी?" आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो. लीगचे अध्यक्ष निवृत्त वकील होते, भला माणूस. त्यांना सवंगडीला वाचवायचं होतं, हे त्यांच्या विचारण्यावरूनच कळत होतं.

"ही मुलं तुमच्याकडे जेवतात?" त्यांनी भाभींना विचारलं.

"शुक्रवारी."

"क्लब तुम्हांला त्याचे पैसे देतो?"

"घरच्या माणसाच्या जेवणाचे पैसे कोण देतं, साहेब?"

"घरची माणसं म्हणजे?"

"भाचे आहेत माझे," भाभी म्हणाल्या.

हॉलमध्ये हशा झाला. अध्यक्षांनी समोरचा कागद पाहिला. "भोये, गावित, महाले आणि चौधरी हे पठाणांचे भाचे?"

"मानलेले. मानलेला भाचा काय कमी जेवतो?"

जोशी काकू उठून उभ्या राहिल्या. "माझेही भाचेच आहेत ते. मंगळवारचे."

"आणि बाई, तुमचे?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"गुरुवारचे," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

अध्यक्ष हसले. चष्मा पुसत म्हणाले, "नातेवाइकांकडे कुणी जेवलं तर त्याला क्लबने घेतलेली मदत म्हणता येणार नाही. मला वाटतं, एवढं नोंदवून हा विषय..." आणि त्यांनी पेन उचललं.

आप्पांनी बोट वर केलं. सभेत बोलायचं असलं की ते उजव्या हाताचं एकच बोट वर करायचे, वर्गातल्या मुलासारखं.

"साहेब, लिहू नका," ते म्हणाले. "भाचे नाहीत ते. आमचे खेळाडू आहेत."

भाभींनी वळून त्यांच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

"देवरे, बसा खाली," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"बसतो. पण हा नियम मी लिहिलाय. आज तुम्ही आमचे चार भाचे मान्य केलेत, तर पुढच्या वर्षी यांच्याकडे पुण्याहून अकरा मेहुणे येतील. मग त्यांना तुम्ही काय म्हणणार?"

अध्यक्षांनी शेवटचा प्रयत्न केला. "बरं, मग किंमत तरी बेताची धरा. वरणभाताला असा कितीसा खर्च येतो?"

"वरणभात नव्हता, साहेब," आप्पा म्हणाले. "मंगळवारी पुरणपोळीसुद्धा झालेली आहे. गुरुवारी बाई नागलीच्या भाकरी करतात, त्या शिकून घेतल्यात त्यांनी. शुक्रवारी पुलाव असतो, आणि तो नाशकातल्या कुठल्याही हॉटेलात मिळत नाही. त्याची किंमत मी बेताची धरणार नाही."

गुण कापले गेले. सवंगडी खालच्या गटात गेला.

जिन्यात भाभींनी आप्पांना गाठलं. "मुलं शुक्रवारी येतील. तुम्ही येऊ नका."

"बरं."

"आणि बरं म्हणू नका. राग येतो मला."

आप्पा पुन्हा "बरं" म्हणणार होते, पण थांबले.

त्याच आठवड्यात बिल्डरच्या माणसांनी चौघांना उघड बोलावणं धाडलं. राहायला पक्की खोली, हॉटेलात जेवण. आप्पांनी चौघांना मैदानावर बसवून सांगितलं, "ज्याला जायचं त्याने जा. मी नाव ठेवणार नाही. बूट घेऊन जा, तुमच्या मापाचे शेत ते." एकजण गेला. आप्पांनी त्याला बूट पॉलिश करून दिले. हिरामण गेला नाही. मी गुरुवारी त्याला कारण विचारलं.

"हॉटेलात वार कुणाचा ते कळत नाय, बाई," तो म्हणाला. "रोज सारखंच."

मग सुरू झाली ती दोन वर्षं. आप्पांनी जेवणाची किंमत तीच ठेवली, महागड्या खानावळीची. आणि ती धरूनही मर्यादेच्या आत राहायचं, म्हणून बाकी सगळा खर्च छाटून टाकला. द्राक्षाच्या वेलीची छाटणी पाहिलीत का तुम्ही? नुसते खुंट राहतात, बघणाऱ्याला वाटतं मेली. तसा संघ दिसायचा. नवे बूट नाहीत. सामन्याला जायला टेम्पो नाही. सगळे द्वारकेहून ईदगाह मैदानापर्यंत चालत जायचे, आप्पा सर्वांत पुढे, खांद्यावर चेंडूंचं पोतं. जुन्या जर्सी यमुनाताईंनी बंबाच्या पाण्यात रंगवल्या. पहिल्याच सामन्यात घामाने रंग उतरला आणि पंचांना कळेना की कोण कुठल्या संघाचा.

कॉलनीतल्या बायकांनी आप्पांना माफ केलेलं नव्हतं. जोशी काकू मुद्दाम गॅलरीतून ओरडून विचारायच्या, "देवरे, आज शिरा करू की नको? मर्यादेत बसतो का तुमच्या?" आप्पा मान वर करून म्हणायचे, "करा. मी पंपाला तेल घालणार नाही या महिन्यात." आणि शुक्रवारी, मुलं भाभींकडे जेवायला बसली की आप्पा फाटकाबाहेर उभे राहायचे. आत जायचे नाहीत, आणि घरीही जायचे नाहीत. भाभी खिडकीतून बघायच्या आणि पडदा ओढायच्या.

मी एकदा म्हटलं, "आप्पा, माफी मागून टाका."

"कशाची मागू? खोटं बोललो असतो तर मागितली असती."

"त्या दुखावल्यात."

"माहीत शे," ते म्हणाले. "तरी पण."

दुसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना. जिंकलो तर वर, नाहीतर आणखी एक वर्ष खाली. कॉलनीतले बहुतेक सगळे गेलो होतो, तुमचे आजोबासुद्धा छत्री घेऊन. सामना संपत आला आणि आम्हांला पेनल्टी मिळाली. हिरामणने चेंडू ठेवला. आप्पांनी नेहमीप्रमाणे मैदानाकडे पाठ केली. पाठ केली ती नेमकी अशी, की समोर पठाण भाभी. दोन वर्षं त्या दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. आता आप्पांना दुसरीकडे बघायचं नव्हतं आणि भाभींना मैदानावरून नजर काढता येत नव्हती. मी शेजारीच उभी होते. आधी भाभींचे ओठ हलत होते, मग थांबले, मग त्यांचं सगळं तोंड उजळलं. मागे आरडाओरड झाली ती त्यानंतर.

"झाला?" आप्पांनी विचारलं.

"झाला," भाभी म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, घरी परतताना: "शुक्रवारी या. ताट घेऊन या."

पुढच्या सभेत अध्यक्षांनी स्वतःहून सुचवलं, की घरगुती जेवण यापुढे खर्चात धरू नये. सगळे खूश. विरोधात एकच बोट वर गेलं. "उद्या कुणीही हॉटेलला आपलं घर म्हणेल," आप्पा म्हणाले. ते सगळ्यांना पटलं आणि सुधारणा बारगळली. सवंगडी शेवटपर्यंत वरच्या गटात राहिला, महागडं जेवून आणि ठिगळांचे बूट घालून.

ईशान, तुझ्या क्लबने काय केलं ते मला माहीत नाही. त्यांच्याकडे कुणी बोट वर करणारा आहे का, तेवढं बघ.

पुढे काळ बदलला. मैदानावर इमारती आल्या, संघ विखुरला. हिरामणने जीप घेतली आणि सुरगाणा-नाशिक फेऱ्या मारू लागला. यमुनाताई गेल्या. त्या गेल्यावर महिनाही झाला नसेल, एका संध्याकाळी जोशी काकू आप्पांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवरे, मंगळवार माझा." त्यावर चर्चा झाली नाही. भाभींनी शुक्रवार घेतला. गुरुवार माझा होताच. तुमचे आजोबा गेल्यावर मलाही कुणीतरी जेवायला समोर हवंच होतं. आप्पा स्वतःचं ताट काखेत मारून यायचे आणि जेवल्यावर घासून न्यायचे. रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. एखादं लिंबू, कढीलिंबाची काडी, काहीतरी आणायचे. मी चिडवायचे, "नोंद करू का?" ते म्हणायचे, "करा. बाजारभावाने."

ते आजारी पडले तेव्हा हिरामणनेच त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी मी त्याच्याबरोबर भेटायला गेले. दुपार होती. भेटायची वेळ संपली होती. वॉर्डच्या दारात सिस्टरने आम्हांला अडवलं. आप्पांची खाट दारापासून दुसरीच. डोळे मिटलेले, हात पांघरुणावर.

"एकच जण आत. आणि नातेवाईक असेल तरच," सिस्टर म्हणाली. मग हिरामणकडे पाहून: "तुम्ही कोण त्यांचे?"

हिरामणच्या एका हातात डबा होता. काखेत त्याचं ते जुनं आठ नंबरचं ताट होतं. जीपमध्ये तो ते कायम ठेवायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"भाचा," तो म्हणाला.

आप्पांनी डोळे उघडले. त्यांनी ऐकलं होतं. पांघरुणावरचा उजवा हात हलला आणि त्यातलं एक बोट वर झालं. ते बोट मला चांगलं माहीत होतं. आता ते काय म्हणणार हेही मला माहीत होतं, आणि हिरामणलाही; त्याने मान खाली घातली होती. सिस्टर वाट बघत होती.

बोट क्षणभर तसंच राहिलं. मग खाली आलं आणि खाटेच्या कडेवर दोनदा टेकलं.

"बस," आप्पा हिरामणला म्हणाले. "उभा काय शे?"

सिस्टरने वाट दिली. मी नातेवाईक नव्हते, मी दारातच थांबले. तो शुक्रवार होता. डबा भाभींचा होता. हिरामण स्टुलावर बसून झाकण उघडत होता, आणि आप्पा अगदी बारीक, पण मला दारापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात त्याला विचारत होते,

"ताट आणलंस का?"